बँडवाल्या दादांचा फड : दादा कोंडकेंनी लोकनाट्य उभं कसं केलं आणि चालवलं कसं

नाशिक : पौष पौर्णिमा आली की निफाड तालुक्यात नैताळ्याला मतोबा महाराजांची यात्रा भरते, मालेगाव तालुक्यात चंदनपुरीला खंडोबाची यात्रा भरते. यात्रा म्हटलं की तमाशाची राहुटी आली. आणि तमाशा म्हटला की लोकं आधी विचारतात, सोंगाड्या कोण आहे? नाच, गाणी, ढोलकी सगळं बरोबर आहे, पण सोंगाड्या पडेल असला तर वग उभा राहत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं.

याच सोंगाड्याच्या कलेवर एका गिरणगावातल्या माणसानं स्वतःची पार्टी काढली, पंधराशेच्या वर प्रयोग केले आणि नंतर तोच सोंगाड्या सिनेमाच्या पडद्यावर नेला. त्यांचं नाव कृष्णा खंडेराव कोंडके, म्हणजे आपले दादा कोंडके. यात्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून त्यांचे सिनेमे पाहिलेली माणसं आज आजोबा झाली. पण सिनेमाच्या आधीचे दादा, म्हणजे लोकनाट्याची पार्टी चालवणारे दादा, नव्या पिढीला फारसे माहीत नाहीत. ही गोष्ट मुख्य करून त्या दादांची आहे.

नायगावची चाळ आणि बँड

दादांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ चा, मुंबईच्या नायगाव भागातला. घराणं मूळचं भोरकडचं, पुणे जिल्ह्यातलं. त्या काळी लालबाग, परळ, नायगाव हा सगळा भाग गिरणगाव. कोकण, घाट आणि देशावरून आलेली माणसं गिरणीत तीन पाळ्यांत राबायची आणि एका खोलीत दहा-बारा जण राहायची. कोंडक्यांच्या घरातली माणसंही गिरणीत होती, घरचं किराणा दुकान होतं.

लहानपणी दादा भलतेच उनाड. मारामारी, दगडफेक, गल्लीतली दादागिरी यात पुढे. गणपतीत, लग्नाच्या वरातीत बँड वाजवायचे, त्यामुळे नायगावात त्यांना बँडवाले दादा म्हणायचे. ठेका आणि ताल हातात बसला तो इथंच. पुढे विनोद करताना कुठं थांबायचं आणि कुठं टोला मारायचा हे त्यांना जे अचूक कळायचं, त्याचं मूळ या वाजवण्यात आहे असं मानायला जागा आहे. कारण विनोद पण तालावरच चालतो. अर्धा सेकंद आधी बोललं तरी गेला, उशिरा बोललं तरी गेला.

नोकरी केली ती अपना बाजारमध्ये. गिरणी कामगारांनी १९४८ साली नायगावात सुरू केलेलं हे सहकारी दुकान. तिथं पगार होता महिना साठ रुपये. दिवसभर पुड्या बांधायच्या, गिऱ्हाईक पाहायचं. गिऱ्हाईक म्हणजे गावाकडून आलेल्या बायाबापड्या, कामगार, हमाल. कोण कसं बोलतं, कोण कसं अडखळतं, उधारी मागताना माणूस कसा लाजतो, हे सगळं त्यांच्यापुढं रोज घडत होतं.

याच वयात त्यांच्यावर मोठा घाव बसला. थोड्याच काळात घरातली जवळची माणसं एकापाठोपाठ एक गेली. मोठा भाऊ तेवढा राहिला. दादा खचले, खाणंपिणं सुटलं, माणसांत येईनासे झाले. या दुःखातून बाहेर आले तेव्हा मात्र त्यांनी ठरवून टाकलं होतं, की इथून पुढं लोकांना हसवायचं. पडद्यावर वेंधळा नाम्या बनून हसवणाऱ्या माणसाच्या मागं हे घर रिकामं झाल्याचं दुःख होतं, हे फार कमी लोकांना ठाऊक होतं.

सेवा दलाचं कलापथक

दादांना रंगमंचाची वाट सापडली ती राष्ट्र सेवा दलात. सेवा दल १९४१ साली नव्यानं उभं राहिलं, ते साने गुरुजींच्या विचारांवर वाढलं. हेच ते गुरुजी ज्यांनी १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात श्यामची आई लिहिली. सेवा दलाचं कलापथक होतं. गाणी, नाच आणि लोकनाट्य घेऊन ही पोरं गावोगाव जायची. पु. ल. देशपांडे, व्यंकटेश माडगूळकर यांच्यासारख्या लेखकांनी या कलापथकासाठी लोकनाट्यं लिहिली.

इथं एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. जुना तमाशा आणि हे नवं लोकनाट्य यांची बांधणी एकच. आधी गण, मग गवळण, गवळणीत कृष्ण, पेंद्या आणि मावशी, मग बतावणी आणि शेवटी वग. फरक इतकाच, की लोकनाट्यात राजा-प्रधानाच्या गोष्टीतून आजचा पुढारी, आजचा साहेब, आजची महागाई यांच्यावर बोलायचं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकानं हे आधीच करून दाखवलं होतं. सेवा दलानं त्याला आपल्या पद्धतीनं पुढं नेलं.

कलापथकातली माणसं पण पगारी नट नव्हती. निळू फुले पुण्यात लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे. राम नगरकरांचा सलूनचा धंदा. दिवसा काम, संध्याकाळी तालीम आणि सुटीत दौरा. दादाही यातलेच. पुढं मराठी सिनेमात ज्यांनी नाव काढलं ती माणसं या अशा तालमीत तयार झाली.

स्वतःची पार्टी

कलापथकात काही वर्षं काढल्यावर दादांनी स्वतःची पार्टी काढली. पार्टी काढणं सोपं नसतं हे तमाशा फडमालकाला विचारा. वाद्यं लागतात, कपडेपट लागतो, गाडी लागते. नटांना दर प्रयोगाला नाईट द्यावी लागते, मग गल्ला भरो न भरो. ढोलकीवाला रुसला तर प्रयोग अडतो. पाऊस आला तर उघड्यावरचा खेळ बंद. आणि साठ रुपये पगाराच्या माणसाकडं भांडवल ते काय असणार?

दादांकडं भांडवल होतं ते लोकांना हसवण्याचं. खणखणपूरचा राजा नावाचं लोकनाट्य ते करायचे. त्यातलं दादांचं काम लेखक वसंत सबनीस यांना फार आवडलं. सबनीस मूळचे सोलापूरचे, विनोदी लेखनात नाव कमावलेले. दादांनी त्यांच्याकडं नवीन वग मागितला. पैसे द्यायची ऐपत नव्हती. सबनीसांनी पैसे न घेता वग लिहून दिला. तो छपरी पलंगाचा वग. लोकांना तो विच्छा माझी पुरी करा या नावानं ठाऊक आहे. १९६५ साली तो रंगमंचावर आला.

गोष्ट तशी साधी आहे. एका राज्यात कोतवालाची जागा रिकामी होते. हवालदाराला वाटतं, इतकी वर्षं चाकरी केली, आता ही जागा आपली. पण प्रधान आपल्या मेव्हण्याला कोतवाल करतो. वशिला लागतो, काम करणारा मागं राहतो. मग हवालदार आणि नाचणारी मैना दोघं मिळून डाव टाकतात. मैना नव्या कोतवालाला नादी लावते आणि राजाच्या महालातला छपरी पलंग मागते. कोतवाल पलंग चोरायला जातो, रंगेहाथ सापडतो आणि हवालदार कोतवाल होतो. दादा अर्थातच हवालदार.

गिरणीत जॉबरच्या भावाला आधी काम मिळतं आणि आपण बदलीवर राहतो, हे रोज सोसणारा कामगार समोर बसलेला. सोसायटीच्या कर्जासाठी खेटे घालणारा शेतकरी समोर बसलेला. प्रधानाचा मेव्हणा कोण हे त्यांना समजावून सांगायची गरजच नव्हती. म्हणून हा वग मुंबईतही चालला आणि गावातही चालला. पुढं त्याचं हिंदी रूप सैंया भये कोतवाल या नावानं झालं आणि महाराष्ट्राबाहेरच्या लोकांनाही ही गोष्ट आपलीच वाटली.

रोज नवा प्रयोग

विच्छाचे प्रयोग पंधराशेच्या वर झाले. रोज एक प्रयोग धरला तरी चार वर्षांच्या वर होतात. इतके दिवस एकच गोष्ट लोकं का बघत राहिली? काही जण तर पुन्हा पुन्हा येत होते. याचं कारण म्हणजे दादांचा प्रयोग कालच्यासारखा आज नसायचा.

नाटकवाले ज्याला ॲडिशन घेणं म्हणतात, ते दादांच्या हाडातच होतं. लिहिलेलं वाक्य बोलून झालं की त्याला जोडून पदरचं काहीतरी टाकायचे. सकाळच्या पेपरात काय आलं, रेशनवर कसला गहू मिळतोय, निवडणुकीत कोण पडलं, दिल्लीत काय चाललंय, हे सगळं संध्याकाळी हवालदाराच्या तोंडी यायचं. सत्तेतल्या काँग्रेसवर आणि मोठमोठ्या पुढाऱ्यांवर ते बिनधास्त बोलायचे. समोरून कोणी आवाज टाकला, कोणी उशिरा येऊन खुर्ची ओढली, पोरगं रडलं, तर त्यावरही बोलायचे. लोकांना वाटायचं, हे फक्त आजच्यासाठी आहे, उद्या पुन्हा ऐकायला मिळणार नाही.

अर्थात ही काही दादांनी नव्यानं शोधलेली गोष्ट नव्हती. तमाशातला सोंगाड्या पूर्वीपासून हेच करत आला. मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर गाढवाचं लग्नमध्ये सावळ्या कुंभार करायचे, त्यांनाही लिहिलेल्या शब्दापेक्षा समोरच्या माणसावर जास्त भरवसा होता. अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आज लहान लहान थिएटरं निघाली आहेत, तिथं नट आयत्या वेळी प्रेक्षकांकडून विषय घेऊन खेळ उभा करतात. त्याचं तिथं शिक्षण देतात. आपल्याकडं हे शिक्षण राहुटीत मिळत होतं, फी न घेता.

पण आयत्या वेळचं बोलणं म्हणजे मनाला येईल ते बोलणं नव्हे. त्याला पण शिस्त असते. एक म्हणजे गोष्टीचा धागा सुटता कामा नये. हवालदारानं कितीही फिरून आलं तरी शेवटी पलंगापाशी यावंच लागतं. दुसरं म्हणजे समोरचा नट सांभाळावा लागतो. एकानं नवं वाक्य टाकलं आणि दुसरा गोंधळून गप्प बसला तर मजा जाते. म्हणून सोबतची माणसं तयारीची लागतात. तिसरं म्हणजे ढोलकीवाल्याचा कान सोंगाड्याच्या तोंडाकडं लागतो. टोला कुठं पडणार हे त्याला आधी कळलं पाहिजे. या तिन्ही गोष्टी जमल्या तरच ॲडिशन रंगते. नाहीतर सबनीसांच्या चांगल्या वगाचा चिवडा व्हायला वेळ लागला नसता.

याची दुसरी बाजूही होती. दादा नसतील तर प्रयोग होणार कसा? हवालदार म्हणजे दादा, तिकीट म्हणजे दादा. एका माणसाच्या जिभेवर सगळी पार्टी चाललेली. गावाकडच्या फडातही हेच होतं, सोंगाड्या आजारी पडला की फडमालकाच्या तोंडचं पाणी पळतं. विच्छा पुढं इतर नटांनीही केलं, पण जुनी माणसं तुलना दादांशीच करत राहिली.

फडातून पडद्यावर

मुंबईतल्या प्रयोगांना आशा भोसले यायच्या. त्यांना दादांचं काम इतकं आवडलं की त्यांनी कोल्हापूरच्या भालजी पेंढारकरांकडं दादांची शिफारस केली. भालजींनी १९६९ साली तांबडी माती या चित्रपटात दादांना घेतलं. त्या चित्रपटाला मराठीतला राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला.

पण दुसऱ्याच्या पार्टीत काम करण्यापेक्षा स्वतःची पार्टी बरी, ही सवय लागलेली. दादा स्वतः निर्माता झाले. १९७१ साली सोंगाड्या आला. कथा पुन्हा वसंत सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णींचं, कलावती उषा चव्हाण, आये रत्नमाला, सोबत निळू फुले आणि गणपत पाटील. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी आणि लोंबणारी नाडी घातलेला नाम्या. आईच्या धाकात वाढलेला हा भोळा पोरगा तमाशाच्या नादाला लागतो आणि फडातला सोंगाड्या होतो. म्हणजे ज्या कलेनं दादांना मोठं केलं तिच्यावरच त्यांनी पहिला सिनेमा काढला.

सिनेमा तयार झाला, पण लावायचा कुठं? दादरच्या कोहिनूर थिएटरला सोंगाड्या ऐवजी देव आनंदचा तेरे मेरे सपने लावायचा होता. मराठी माणसाच्या वस्तीत मराठी सिनेमाला जागा नाही. सगळी पुंजी अडकलेली. दादा बाळासाहेब ठाकरेंकडं गेले. शिवसैनिक थिएटरसमोर उभे राहिले आणि सोंगाड्या लागला. लागला तो उतरायचं नाव घेईना. तेव्हापासून दादा आणि शिवसेना हे नातं जुळलं, ते पुढं प्रचाराच्या सभांपर्यंत गेलं. त्या सभांतही गर्दी व्हायची ती दादांच्या बोलण्याला. शेवटी ती पण एक बतावणीच.

त्यानंतर एकटा जीव सदाशिव, आंधळा मारतो डोळा, पांडू हवालदार, तुमचं आमचं जमलं, राम राम गंगाराम अशी रांगच लागली. लागोपाठ नऊ चित्रपट पंचवीस आठवड्यांच्या वर चालले आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. १९७५ च्या पांडू हवालदारनंतर पोलीस हवालदाराला पांडू म्हणायची पद्धतच पडली. विच्छाचा हवालदार असा पडद्यावरही आला.

सिनेमाची कंपनी दादांनी चालवली तीसुद्धा फडासारखीच. ठरलेली माणसं, ठरलेली टीम. उषा चव्हाण नायिका, गायला महेंद्र कपूर आणि उषा मंगेशकर. नवीन माणूस हेरण्यात हुशार. ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या विजय पाटील यांना त्यांनी संगीतकार केलं आणि जोडीला राम-लक्ष्मण हे नाव दिलं. याच लक्ष्मणनं पुढं मैंने प्यार कियाची गाणी केली. अशोक सराफ यांचं नाव घरोघरी पोहोचलं ते पांडू हवालदारमुळं.

सेन्सॉर आणि टीका

दादांवर टीकाही खूप झाली. दुहेरी अर्थाची भाषा, अश्लील विनोद, असं शहरातल्या पेपरांत लिहून यायचं. सेन्सॉर बोर्डाशी तर कायमचं भांडण. दादा शब्द असा टाकायचे की वाचला तर साधा, ऐकला तर वेगळा. आणीबाणीच्या काळात गंगाराम वीसकलमे असं नाव त्यांनी चित्रपटाला दिलं, तेव्हा सरकारचा वीस कलमी कार्यक्रम गाजत होता. नाव बदलावं लागलं आणि १९७७ साली तो राम राम गंगाराम म्हणून आला.

टीका सगळीच खोटी होती असंही नाही. नंतरच्या काही सिनेमांत चावटपणाच जास्त आणि गोष्ट कमी झाली, हे त्यांच्यावर प्रेम करणारे पण कबूल करतात. विच्छामध्ये चावटपणाच्या आत वशिलेबाजीवरचा राग होता. तो राग जिथं सुटला तिथं नुसता चावटपणा राहिला. पण बायाबापड्या बैलगाडीनं येऊन त्यांचे सिनेमे पाहायच्या, पोट धरून हसायच्या आणि त्यांना त्यात लाजण्यासारखं काही वाटायचं नाही, हेही तितकंच खरं. सवाल-जवाबात, गवळणीत, लग्नातल्या उखाण्यात दोन अर्थ असतातच.

शेवट

लाखो लोकांना हसवणाऱ्या दादांचं घर मात्र एकाकीच राहिलं. त्यांची जीवनकथा अनिता पाध्ये यांनी शब्दांत उतरवली, तिचं नाव एकटा जीव. १४ मार्च १९९८ रोजी हृदयविकाराच्या झटक्यानं मुंबईत दादा गेले. तेव्हा त्यांचं वय पासष्ट होतं.

आज गावागावांत पोरं मोबाईलवर विनोदी व्हिडिओ करतात. कांदा मार्केटमधला लिलाव, ग्रामसभेतलं भांडण, सासू-सून असे विषय घेतात. काही खरंच चांगले असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना दादांचे सिनेमे माहीत आहेत, विच्छा माहीत नाही. विच्छाचं पुस्तक मिळतं, गावच्या वाचनालयानं मागवलं तर येतं. गणपतीत मंडळाला करायला हा वग चांगला आहे, कारण मोठा सेट लागत नाही, थोडी माणसं आणि एक ढोलकी पुरते. हवालदाराचं काम कोणाला द्यायचं एवढं मात्र नीट बघून ठरवावं लागेल.